आज काय आलं?

बसस्थानकातल्या ‘हरवले-सापडले’ खिडकीत बसणाऱ्या बाईला सगळे खिडकीबाई म्हणत. लाडात आला की नवरासुद्धा. काम तसं सरळ होतं. लोक बसमध्ये वस्तू विसरत, वाहक त्या आणून तिच्या पुढ्यात टाकत, ती प्रत्येकीला चिठ्ठी बांधून फळीवर ठेवी. मग कोणीतरी धापा टाकत खिडकीशी येई आणि म्हणे, “ती माझी.” ती विचारी, “पुरावा?” पुरावा पटला तर वस्तू मिळे. नाही पटला तर ती म्हणे, “सकाळी या.” सकाळी यायला सांगितलेली माणसं सहसा परत येत नसत. आलीच तर खिडकीत पुन्हा तीच असे, कारण पहिली बस पावणेपाचला सुटायची आणि खिडकी पाचला उघडायची.

पाचला खिडकी म्हणजे चारला उठणं, आणि चारला उठणं म्हणजे आठला आडवं होणं. तिचा नवरा कुलूपवाला. बाजाराच्या कोपऱ्यावर हातभर रुंदीच्या दुकानात किल्ल्या कापायचा. त्याला पहाटे उठायचं काही कारण नव्हतं. पण लग्न झाल्यापासून बारा वर्षं तोही आठलाच आडवा होत होता. “तू झोपल्यावर मी एकटा जागून काय करू, किल्ल्या मोजू?” असं तो म्हणायचा. प्रेमाची कबुली याहून सरळ शब्दांत द्यायची त्याला सवय नव्हती, आणि तिला गरज नव्हती.

आठ वाजता दोघं पलंगावर. आधी ती आपली थंडगार पावलं त्याच्या पोटऱ्यांना लावायची. तो “मेलो” म्हणायचा. मग ती आणखी घट्ट लावायची. त्यांच्या दिव्याला बटण नव्हतं. छतातून एक दोरी लोंबत होती, कुलूपवाल्याने स्वतः बसवलेली, आणि ती दोघांनी मिळूनच ओढायची असा नियम होता. पण दोरीच्या आधी मुख्य कार्यक्रम व्हायचा.

“आज काय आलं?” तो विचारी.

“एक कवळी. वरची.”

“ती माझी.”

“पुरावा? तुमचे दात तर तोंडात दिसताहेत.”

“हे उसने आणलेत. शनिवारी परत करायचेत.”

एरवी दिवसभर त्याला अरे-तुरे करणारी बाई या वेळी अहो-जाहोवर येई, अगदी खिडकीत बसल्यासारखी. खेळाचे नियम पक्के होते. वस्तू खरी हवी आणि त्याच दिवशी आलेली. दावा तिथल्या तिथे, डोकं न चालवता. आणि पुरावा कधीही पटता कामा नये. बारा वर्षांत त्याने छत्र्या, चष्मे, लाकडी पाय, नापास मुलाचं प्रगतिपुस्तक आणि एकदा जिवंत कासव यांच्यावर हक्क सांगितला होता. कासवाचा पुरावा म्हणून त्याने सांगितलं की ते त्याच्याशी बोलत नाही, आणि आपली माणसंच असं वागतात. त्यावर ती हसली होती. तिचं हसू तीन मजल्यांचं होतं. आधी नाकातून, मग घशातून, आणि शेवटी एक उचकी. उचकी आली की ती म्हणे, “सकाळी या,” दोघं दोरी ओढत, आणि दिवस संपे.

दुसरी गंमत म्हणजे ‘चप्पल घाल’. दोघांपैकी कोणीही, कधीही, कुठल्याही कामाच्या मध्ये म्हणायचं, “चप्पल घाल.” दुसऱ्याने कुठे, का, किती वेळ यांतलं काहीही विचारायचं नाही. हाताशी येईल ते पादत्राण पायात सरकवायचं आणि निघायचं. हाताशी येईल तेच. शोधाशोध केली तर बेत रद्द. त्यामुळे ती एकदा न्हाणीघरातल्या रबरी सपाता घालून चित्रांचं प्रदर्शन बघून आली होती, आणि तो पावसाळी बूट घालून भर उन्हात टेकडीवर जाऊन आला होता. पण जायचं कुठेही, आठच्या आत घरात. तो नियम कोणी केला नव्हता, तो झोपेने केला होता.

तर त्या बुधवारी कुलूपवाला साडेपाचला घरी आला, दारातूनच म्हणाला, “चप्पल घाल,” आणि तिने इस्त्री बंद केली. शेवटच्या थांब्यापर्यंत बस, तिथे तळं, तळ्यात पायांनी चालवायच्या होड्या. हंसाच्या आकाराच्या, मान तुटलेल्या. दोघं तळ्याच्या मधोमध जाऊन भाजलेले शेंगदाणे खात बसले. इतके निवांत बसले की होडीवाला विसरून घरी गेला आणि जाताना फाटकाला कुलूप लावून गेला.

कुलूप उघडायला कुलूपवाल्याला तिच्या केसांतली एक पिन आणि अर्धं मिनिट लागलं. तेवढ्यावर निघाले असते तर ही गोष्ट झालीच नसती. पण कुलूप गंजलेलं होतं, उघडल्यावर परत लागेना, आणि कुलूपवाला न लागणारं कुलूप मागे टाकून जाणाऱ्यांतला नव्हता. त्याने ते खोललं, शेंगदाण्यांच्या तेलकट कागदाने पुसलं, आतली पट्टी सरळ केली आणि व्यवस्थित लावलं. यात पाऊण तास गेला आणि बसही गेली. घरी पोचेपर्यंत साडेनऊ झाले.

इमारतीतला एकूण एक दिवा चालू होता.

जिन्यात माणसं बसली होती. तळमजल्यावरचे तपासनीस काका पहिल्या पायरीशी उभे होते, अंगात रात्रीचे कपडे, वर कोट. ते वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. बाजारातले तराजू तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि आयुष्यात आपण एकदाही खोटं बोललो नाही हे ते न विचारता सांगत. त्यांच्या मागे काकू, त्यांच्या मागे समोरच्या घरातला दंतवैद्य, आणि वरच्या पायरीवर तिसऱ्या मजल्यावरची जुळ्यांची आई, दोन्ही खांद्यांवर एकेक रडणारं मूल घेऊन.

“कुठे होतात?” तपासनीस काकांनी विचारलं.

“तळ्यावर,” खिडकीबाई म्हणाली. “का, काय झालं? कोणी गेलं का?”

एकमेकांकडे बघत सगळे कोपर मारत राहिले. शेवटी काकांनी कोटाचं बटण लावलं आणि अगदी पडलेल्या आवाजात विचारलं, “आज काय आलं?”

खिडकीबाईने कुलूपवाल्याकडे पाहिलं.

झालं होतं असं. त्यांच्या पलंगाच्या डोक्याशी हवेसाठी एक झरोका होता. तो इमारतीच्या मधल्या पोकळीत उघडत होता, आणि त्या पोकळीत सगळ्यांच्याच झोपायच्या खोल्यांचे झरोके होते. ही दोघं राहायला आल्यापासून गेली सात वर्षं इमारतीतलं प्रत्येक माणूस आठ वाजता अंथरुणावर पडून कान टवकारून हा कार्यक्रम ऐकत होतं, उचकी झाली की झोपत होतं, आणि हे फक्त आपल्यालाच ऐकू येतं असं समजत होतं. या इमारतीत सगळ्यांनाच लवकर झोप लागते याचं श्रेय लोक हवेला देत. त्या रात्री आठ वाजता काहीच झालं नाही तेव्हा एकेक जण दार उघडून जिन्यात आला, आणि सात वर्षांचं गुपित सगळ्यांचं एकच निघालं.

“कवळी आली त्या दिवशी मी टाळी वाजवली होती,” दंतवैद्य म्हणाला. “उशीत तोंड घालून.”

“माझी दोघं उचकीशिवाय झोपतच नाहीत,” जुळ्यांची आई म्हणाली. “मला वाटायचं, माझ्या अंगाईने झोपतात.”

“ते सगळं नंतर,” काका म्हणाले. “आज काय आलं ते सांगा आधी. उद्या सगळ्यांना कामं आहेत.”

काय करणार? खिडकीबाईने जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं, “पोपटाचा पिंजरा. रिकामा.” सगळ्यांच्या माना कुलूपवाल्याकडे वळल्या. “तो माझा,” तो पुटपुटला. “पुरावा?” “मी त्यातूनच पळालो.” जिन्यात समाधानाची खसखस पिकली. मग सगळे थांबले. तिच्याकडे बघत राहिले. तिला कळलं की आता हसायचंय. तिने तोंड उघडलं, पण आतून काही आलंच नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा आलं नाही.

“असो,” काका म्हणाले. “दमला असाल.”

रविवारी गच्चीवर बैठक झाली. या इमारतीत पाण्याच्या टाकीसाठी कधी चार माणसं जमली नव्हती. या बैठकीला लोकांनी घरून खुर्च्या आणल्या. ठराव असे झाले. कार्यक्रम रोज ठीक आठ वाजता व्हावा. झरोक्याची जाळी काढावी. खिडकीबाईंनी उजव्या कुशीवर झोपावं, म्हणजे आवाज नीट येईल. बाहेर जायचं असल्यास तीन दिवस आधी खालच्या फळ्यावर ठिकाणासह लिहावं. दंतवैद्याने दातांच्या वस्तूंना प्राधान्य मागितलं, ते नामंजूर झालं. काकूंनी विचारलं, “त्या दोघांना काय वाटतं ते विचारा की कोणीतरी.” ते इतिवृत्तात आलं नाही.

कुलूपवाला भला माणूस. लोकांची झोप म्हणजे काही लहानसहान गोष्ट नव्हे, असं तो म्हणाला आणि तयारीला लागला. दुकानात किल्ल्या कापता कापता तो पुरावे लिहून ठेवू लागला. दुपारी तिला फोन करून विचारू लागला, “आज काय येणार आहे, काही अंदाज?” रात्री गादीवर पडून उशीखालून चिठ्ठी काढी. त्याचे पुरावे आता मोठे आणि मुद्देसूद असत, आणि त्यांत एकही मजेशीर नसे.

आणि तिचं हसू गेलं ते गेलंच. तिने काय काय करून पाहिलं. भूतकाळातलं कासव आठवलं, स्वतःच्या काखेत गुदगुल्या केल्या, शेवटी सरळ खोटं हसून पाहिलं. नाक, घसा, उचकी, सगळं क्रमाने. वरच्या मजल्यावर दोन्ही मुलांनी एका सुरात भोकाड पसरलं. पाच मिनिटांनी दारावर थाप पडली. कोट घालून तपासनीस काका उभे होते.

“वाईट वाटून घेऊ नका,” ते म्हणाले, “पण हसू वजनात कमी भरतंय. चाळीस वर्षांचा अनुभव आहे माझा. उचकी तर निव्वळ भेसळ आहे.”

दार लावून ती पलंगाच्या काठावर बसली. पायसुद्धा त्याला लावले नाहीत. कुलूपवाला दोरी धरून वाट बघत होता.

“मला भीती वाटते रे,” ती इतक्या हळू म्हणाली की झरोक्यापर्यंत जाऊ नये. “सबंध दिवस मी लोकांचं हरवलेलं सांभाळते. आपलं हे एवढंच होतं. हेच गेलं तर आपण दोघं इथे नुसते झोपायला येतो असं होईल.”

तो उठला, सपाता न घालताच खाली गेला आणि फळ्यावर खडूने लिहिलं: शनिवारी आम्ही बाहेर जाणार. ठिकाण: तळं.

लगेच प्रश्न आला, शनिवारी इमारत झोपणार कशी. कुलूपवाल्याने आवाज मुद्रित करून ठेवायचं सुचवलं. जुळ्यांच्या आईने सांगितलं की तिने तो प्रयोग गेल्याच आठवड्यात चोरून केला होता आणि मुलं फसली नाहीत. माणसंच हवीत, आणि त्याच पलंगावर हवीत, कारण झरोका तिथे आहे. अखेर बदली म्हणून तपासनीस काका आणि काकू यांची एकमताने निवड झाली. काकांचा आवाज खणखणीत होता, आणि काकू कशालाच नाही म्हणत नसत. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती, नाही म्हणायची सवय मोडली होती.

गुरुवारी आणि शुक्रवारी तालीम झाली. काका कोटासकट पलंगावर ताठ आडवे. काकू बाजूला, चष्मा लावून. खिडकीबाई आणि कुलूपवाला स्वयंपाकघराच्या दारात उभे.

“आज काय आलं?” काकांनी खणखणीत विचारलं.

“एक हातमोजा.”

“माझा नाही.”

“काका,” कुलूपवाला म्हणाला, “माझा म्हणायचं.”

“पण माझा नाहीये.”

“ते आम्हाला माहीत आहे. पण म्हणायचं.”

“मी हातमोजे वापरतच नाही,” काका म्हणाले. “हिला विचारा.”

“नाही वापरत,” काकूंनी सांगितलं.

दोन दिवसांत काकांनी एक हातमोजा, एक शिट्टी, एक जेवणाचा डबा आणि एक बासरी नाकारली. डब्याच्या वेळी तर त्यांनी खऱ्या मालकाचा शोध घेण्यासाठी जाहिरात द्यायची सूचना केली. कुलूपवाल्याने हात टेकले. “मी प्रयत्न करतो,” काका म्हणाले, आणि त्यांच्या कपाळावर खरोखरच घाम आला होता. “पण जीभ वळत नाही हो. माझ्या हाताखालून एक ग्रॅमसुद्धा खोटं गेलेलं नाही.” काकू नवऱ्याच्या कोटाचं निघालेलं बटण पडल्या पडल्या शिवत होत्या.

शनिवारी साडेसहाला खिडकीबाई आणि कुलूपवाला निघाले. तीन दिवस आधी कळलं असल्यामुळे दोघांनी पॉलिश केलेले बूट घातले होते. इमारतीतल्या लोकांनी खिडक्यांतून हात हलवून निरोप दिला. तिने दिवसभराच्या वस्तूंतली एक निवडून चिठ्ठीवर लिहिली होती आणि चिठ्ठी काकूंच्या हातात दिली होती.

बसमध्ये दोघं शेजारी शेजारी बसले. तळं कुठे आहे ते माहीत होतं, हंस कसे आहेत ते माहीत होतं, परत कधी यायचं तेही ठरलं होतं. तिसऱ्या थांब्यावर तो म्हणाला, “उतरायचं?” ती आधीच उठली होती. एका बंद दुकानाच्या पायरीवर दोघांनी तासभर बसून काढला. रस्त्यापलीकडे एक माणूस सायकलची हवा भरत होता, ती त्यांनी पूर्ण भरेपर्यंत पाहिली.

“चल घरी,” ती म्हणाली. “बूट चावताहेत.”

आठला पाच मिनिटं कमी असताना ते चोरपावलांनी जिना चढले. आत जावं तर बदलीची माणसं पलंगावर, आणि सगळ्या इमारतीचे कान तिथे लागलेले. म्हणून दोघं आपल्याच दाराबाहेर वरच्या पायरीवर बसले. दाराशी काका-काकूंच्या चपला शिस्तीत ठेवल्या होत्या, टाचा रेषेत. आतून पलंग करकरल्याचा आवाज आला. सात वर्षांत आपलं घर बाहेरून ऐकायची ही त्यांची पहिलीच वेळ.

“आज काय आलं?” काकांचा आवाज.

“एक शिडी.”

तिनेच निवडली होती शिडी. बसमध्ये शिडी विसरणारा माणूस कसा असेल, याचा तिने सकाळपासून विचार केला होता आणि तरी तिला हसू आलं नव्हतं.

वर जुळ्यांपैकी एक कुरकुरलं. समोरच्या दारामागे दंतवैद्य श्वास रोखून उभा असावा.

“माझी नाही,” काका म्हणाले.

इमारतीभर एक सुस्कारा गेला. कुलूपवाल्याने डोकं गुडघ्यांत घातलं.

आणि मग चिठ्ठीत नसलेलं काहीतरी ऐकू आलं. काकूंचा आवाज, अगदी साधा, भाजी काय आणू विचारावं तसा. “अहो, एकेचाळीस वर्षं खरंच बोललात. मी एकदाही तक्रार केली नाही. मी चांगली दिसते का विचारलं तेव्हासुद्धा खरंच बोललात. आज एकदा म्हणा की माझी.”

पलंग करकरला. काका बहुधा उठून बसले असावेत.

“शिडी,” ते म्हणाले आणि थांबले. “शिडी माझी आहे.”

“पुरावा?” काकूंचा आवाज किंचित हलला.

“अकरा किलो दोनशे ग्रॅम,” काका म्हणाले. आणि लगेच, एका दमात, जुन्या सरकारी सुरात, “हे मी साफ खोटं बोलतोय, याची नोंद घेण्यात यावी.”

“नोंद घेतली,” काकू म्हणाल्या. “सकाळी या.”

खिडकीबाईला आधी कळलंच नाही की काय होतंय. नाकात काहीतरी सळसळलं. तिने तोंडावर हात धरला, त्याचा काही उपयोग नव्हता. ते नाकातून निसटलं, घशात आलं, जिन्याच्या भिंतींवर आपटलं, खाली तळमजल्यापर्यंत गेलं आणि परत वर आलं. कुलूपवाला तिच्याकडे आ वासून बघत होता आणि मग त्याच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती पायरीवर आडवी झाली, कठडा धरला, आणि शेवटी ती उचकी आली. शुद्ध, पूर्ण वजनाची.

वरचं कुरकुरणं थांबलं. तिसऱ्या मजल्यावरचा दिवा गेला. दंतवैद्याच्या दाराखालची उजेडाची रेघ गेली. मग त्यांच्या स्वतःच्या दाराखालची रेघही गेली. आत दोन हातांनी दोरी ओढली होती. पाच मिनिटांत काकांचं घोरणं सुरू झालं. त्याला जोडून काकूंचं, जरा वरच्या पट्टीत. इमारत गाढ झोपली.

कुलूपवाल्याने खिशातून किल्ली काढली. कुलपात घालायला म्हणून हात पुढे केला, आणि आतला आवाज ऐकून थांबला. दार उघडलं असतं, ते त्याच्यासाठी अवघड नव्हतं. पण पलंग एकच होता, आणि त्यावर एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोललेला माणूस झोपला होता. त्याने किल्ली परत खिशात टाकली.

“आता?” तिने कुजबुजत विचारलं.

“चप्पल घाल.”

ती हसू दाबत उठली. चावणारे बूट तिने आधीच काढले होते, ते तिच्या हसण्याच्या भरात जिन्यावरून खाली घरंगळले होते. शोधाशोध केली तर बेत रद्द. हाताशी होत्या त्या काकूंच्या चपला. तिने त्या पायात सरकवल्या. त्यानेही बूट काढून काकांच्या सरकवल्या. दोघं फटक फटक करत खाली उतरली आणि कुठे, का, किती वेळ हे कोणीही कोणाला विचारलं नाही.

पहाटे पाचला खिडकी उघडली तेव्हा खिडकीबाईच्या केसांत गवताच्या काड्या होत्या. मागे सामानाच्या फळ्यांमध्ये कुलूपवाला एका बेवारस गादीच्या वळकटीवर टेकून डुलक्या काढत होता. पाच वाजून बारा मिनिटांनी खिडकीशी पहिला माणूस आला. अंगात कोट, पाय अनवाणी.

“मला सकाळी यायला सांगितलं होतं,” तपासनीस काका म्हणाले. “शिडीवरचा दावा मागे घ्यायला आलोय. लेखी द्यावं लागेल का?”

“नाही,” ती म्हणाली. “तोंडी चालेल.”

“बरं.” ते हलले नाहीत. इकडे तिकडे पाहिलं, मग खिडकीच्या गजांपाशी तोंड आणलं. “ही रात्री झोपेत हसली,” ते म्हणाले. “मी जागा झालो. दिवा लावून बघत बसलो. मला माहीतच नव्हतं की ही हसली की हिला खळी पडते.” त्यांनी कोटाचं बटण चाचपलं. “तर मी म्हणत होतो, आज रात्रीसाठी काय येणार आहे? आमच्या घरातला झरोका जरा लहान आहे, पण चालेल. तुम्ही तुमच्या घरात तुमचं करा. आमचं आम्ही करू. लोकांना ज्यांचं ऐकायचं त्यांचं ऐकतील.”

खिडकीबाईला त्यांचा हात धरावासा वाटला, पण मध्ये गज होते.

“चपलांचे दोन जोड आलेत,” ती म्हणाली.

काकांनी स्वतःच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मोठाच पेच दिसला. माणसाने नुकतंच खोटं बोलायला शिकावं आणि लगेच असं काही पुढ्यात यावं.

“त्यातला एक माझा असावा,” ते सावधपणे म्हणाले.

“माझा,” मागून फळ्यांमधून कुलूपवाला झोपेतच म्हणाला.

“पुरावा?” खिडकीबाईने दोघांनाही विचारलं.

“सहाशे चाळीस ग्रॅम,” तपासनीस काका म्हणाले. “दोन्ही मिळून. धूळ धरून.”

“सकाळी या.”

काकांनी घड्याळात पाहिलं, बाहेर उजाडत होतं तिकडे पाहिलं, आणि गजांमधून हात आत घातला. “सकाळच आहे,” ते म्हणाले.

तिने नवऱ्याच्या पायातल्या चपला ओढून काढल्या, आपल्याही काढल्या, आणि हसत हसत चारही खिडकीतून बाहेर दिल्या. मग दिवसभर पायात काहीतरी हवं म्हणून फळीवर हात घातला आणि पहिलं जे लागलं ते घातलं. डाव्या पायात गमबूट आणि उजव्यात नाचायचा बूट, लाल.